डाव्या हाताचं पॅनल

मेश्राम काकांशी हात मिळवला की ते तो हलवायचे नाहीत, हलकेच स्वतःकडे ओढायचे. एकदाच, बारीकसा झटका. नवख्या माणसाला वाटायचं, म्हाताऱ्याचा तोल गेला. तोल कसला जातोय. सगळी नोकरी कोराडीच्या वीजकेंद्रात पॅनल वायरमन म्हणून गेलेली. स्क्रू आवळला की तार ओढून पाहायची, हातात आली तर पुन्हा जोडायची, ही सवय निवृत्तीनंतर माणसांवर उतरली होती इतकंच.

"ओढून पायल्याशिवाय जोडलं म्हनू नये, मॅडम," असं ते मला सांगायचे.

मला सगळी गल्ली मॅडम म्हणते, कारण मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. आमची वस्ती कोराडी रोडच्या आतल्या अंगाला. माझ्या फाटकासमोर काकांचं फाटक, मध्ये दहा पावलांचा रस्ता. मी माझ्या अंगणात काय करते ते त्यांना दिसायचं, आणि दिसलं की राहवायचं नाही. झाडू असा धरू नका, पाठ दुखंल. कुलूप उलटं लावलं, पाऊस आत जाईल. सरळ धरा, मॅडम. सरळ लावा, मॅडम. "सरळ" हा त्यांचा शब्द. तो ऐकला की माझं डोकं फिरायचं. चाळीस वर्षं मी लोकांच्या पोरांना सुधारलं, आता मला सुधारायला हा माणूस समोर राहायला आला, असं मी आमच्या ह्यांना म्हणायची.

अडचण अशी की त्यांचं बरोबर निघायचं. माझ्या पुतणीच्या लग्नात काका सफारी घालून आले, खिशात पेनाच्या जागी टेस्टर. वरात दारात, बँड वाजतोय, आणि हे मांडवाच्या मागे जनरेटरपाशी. पाच मिनिटांत सगळे दिवे बंद. वरपक्ष भडकला. अंधारातून काकांचा आवाज तेवढा येत होता, डेकोरेशनवाल्याला सांगत होते, "लोकं खांबाले टेकून उभे आहेत अन् तू खांबाले करंट देऊन ठेवला काय गा?" खरंच खांबात करंट होता. माझे दीर त्यांच्या पाया पडले. काकांनी त्यांना उठवलं आणि म्हणाले, पाया पडताना गुडघा असा वाकवू नका.

काका जाऊन आता दोन वर्षं होत आली. मी तेव्हा बहिणीकडे अमरावतीला होते, बातमी फोनवर कळली. त्यामुळे मला त्यांचं आठवतं ते शेवटच्या दिवाळीतलं, आणि ते आठवायचं तर माझ्या शोकेसपासून सुरुवात करावी लागते.

तान्ह्या पोळ्याचा दिवस होता. मी घरातलं जुनं लाकडी शोकेस भंगारवाल्यासाठी बाहेर काढून ठेवलं. काका फाटकात उभे राहून त्याच्याकडे बघत राहिले.

"काहून फेकून राहिल्या?"

"वाळवी लागलीय, काका."

"वाळवी नाही. कोपऱ्याले पानी लागलं." त्यांनी कोपरा नखानं खरवडला. "मी नेऊ काय?"

न्या म्हटलं. एका बाजूनं काका, दुसऱ्या बाजूनं शालूकाकी, असं ते रस्ता ओलांडून गेलं. काकींनी वाटेत दोनदा खाली ठेवलं आणि दोन्हीदा नवऱ्याकडे असं पाहिलं की मला घरात जावं लागलं, हसू आवरेना. मला वाटलं, चपला ठेवायला नेलं असेल.

आठवड्यानं पाहते तर शोकेसच्या वरच्या भागात जुना मॉनिटर तिरका बसवलेला, आणि कमरेच्या उंचीवर एक आडवी खाच. खाली तारा लोंबत होत्या. काका जमिनीवर बसून फळीला भोकं पाडत होते.

"हे काय आता?"

"व्हिडिओ गेम," सत्तरीचा माणूस मला म्हणाला. "सुजी दिवाळीले येऊन राहिली."

सुजाता ही त्यांची एकुलती एक लेक. हैदराबादला दातांची डॉक्टर. वय चाळीसच्या आसपास, लग्न केलेलं नाही. तिचा आठवड्याला एक फोन यायचा. काकांनी उचलला तर बोलणं एवढंच. जेवली काय. हो. बरं, आईले देतो. मग आईशी तासभर. काका त्या तासात बाहेर येऊन माझ्या नळाचा वॉशर तपासायचे. चार वर्षं ती नागपूरला आली नव्हती. भांडण असं कधी झालं नव्हतं, निदान कोणाला ऐकू येईल असं.

दिवाळीआधीच्या महिन्यात दुपारची मी त्यांच्याकडे जायला लागले. खोटं कशाला बोलू, आधी नुसत्या चौकशीपायी. मग ती खोलीच आवडायला लागली. बाहेर ऑक्टोबरचं ऊन भाजत असायचं, आत पडदे ओढलेले, कूलरची घरघर, सोल्डरच्या धुराचा गोडसर वास. मॉनिटरवर काळं आकाश आणि त्यातून हळूहळू खाली येणारे दगड. आवाज बंद करून ठेवलेला. ते दगड पाहत बसलं की डोळे जड व्हायचे. काकी आत आडव्या व्हायच्या, काका तार सोलता सोलता पेंगायचे, मीही खुर्चीत डुलकी घ्यायची. कोण जागं आहे, कोण झोपेत बोलतंय, ते कळायचं नाही. पण तारेचं टोक काकांच्या चिमटीतून कधी सुटलेलं मी पाहिलं नाही.

अशाच एका दुपारी, डोळे मिटलेलेच होते त्यांचे, ते म्हणाले, "मॅडम, मले एकच स्वप्न पडते."

मी डोळे उघडले.

"कंट्रोल रूम आहे. रात्र-दिवस तिथं सारखाच राह्यते. समोर हे एवढं पॅनल, बारीक बारीक दिवे लागलेले. सगळं बरोबर चालून राहिलं. अन् पॅनलपुढं सुजी उभी. सात वर्षाची, फ्रॉकात. पाठ माह्याकडं. तिनं हात असे ठेवले." त्यांनी डोळे न उघडता एका मनगटावर दुसरं मनगट आडवं ठेवलं. "मी हाक मारतो. आवाजच निंघत नाही. दिवे सगळे बरोबर लागून आहेत, तरी मले मालूम राह्यते का काहीतरी बंद पडलं."

मग त्यांनी मला सगळं सांगितलं. सुजाता डावखुरी होती. पेन्सिल, चमचा, कंगवा, सगळं डाव्या हातात. काकांना ते खपेना. जेवताना ते तिचा डावा हात दुपट्ट्यानं पाटाच्या पायाला बांधायचे. दोन महिने बांधला. काकी रडायच्या, भांडायच्या, पण सोडला नाही.

"माह्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली," काका म्हणाले. "एका दिवसात सगळं सोडलं त्यानं. देव, उपास, मागचं सगळं. अन् मी बसलो डावं-उजवं धरून. तुमाले वाटंन, अंधश्रद्धा. तेही नव्हतं, मॅडम. कॉलनीत आमच्या पोरीकडं लोकं दोनदा पायत. घास कोन्त्या हातात आहे, हेही पायत. म्हनलं, कोनाले बोट ठेवाले जागा नको राहाले. म्हनून म्याच तिच्यावर बोट ठेवलं."

मग सदरचं झालं. तेव्हा सदरला व्हिडिओ गेमचं एक दुकान होतं. एका रविवारी काका तिला कोराडीहून बसनं घेऊन गेले. मशीनवर विमान हलवायचा दांडा डावीकडे, गोळ्यांची बटणं उजवीकडे, जशी सगळीकडे असतात. सुजातानं काय केलं, हात ओलांडले. उजव्या हातात दांडा, आणि डावा हात वरून पलीकडे नेऊन बटणांवर. आणि असं काही खेळली की मागे रांग जमली. रांगेतला कोणीतरी हसला. काकांनी तिचा डावा हात उचलला आणि आपल्या मुठीत धरला. "सरळ खेळ," म्हणाले. उरलेला खेळ ती एका हातानं खेळली आणि हरली. येताना बसमध्ये तिनं विचारलं नाही, पुढच्या रविवारी जायचं का. पुढे कधीच विचारलं नाही.

माझ्या वर्गातही डाव्या हातातल्या पेन्सिली मी उजव्या हातात दिलेल्या आहेत, आणि वर शाबासकीही दिलेली आहे.

तर असा तो खेळ होता. शोकेसच्या खाचेत एक फळी सरकवायची, दोन बाजूंच्या दोन कड्या लावायच्या, मागचं एकच जाड कनेक्टर खोचायचं, झालं. नको असेल तेव्हा फळी काढून दुसरी लावायची. काकांनी तीन फळ्या केल्या. ते त्यांना पॅनलच म्हणायचे. पहिलं साधं, दांडा डावीकडे आणि बटणं उजवीकडे. दुसरं शालूकाकींचं. त्यांचे अंगठे सांधेदुखीनं धरलेले, म्हणून जुन्या रेडिओचं मोठं बटण बसवलं, ते तळहातानं इकडे-तिकडे फिरवलं की आतली दोन बटणं दाबली जायची, पडद्यावरची पट्टी सरकायची आणि चेंडू विटा फोडायचा. पुढे काकी डाळ लावून कुकरच्या तिसऱ्या शिट्टीपर्यंत विटा फोडायच्या. आणि तिसरं सुजाताचं, आरशात पाहिल्यासारखं उलट. दांडा उजवीकडे, बटणं डावीकडे. हात न ओलांडता डावऱ्या माणसाला खेळता येईल असं.

तिन्ही पॅनलच्या तारा एकाच नंबरानं. एक नंबरला वर, दोनला खाली, असं. प्रत्येक तारेच्या टोकाला नंबराची बारीक नळी. "पॅनल कोन्तंही लावा, मशीनले फरक नाही कळला पायजे," ते म्हणाले. "मानसाच्या हातात फरक आहे, तो पॅनलनं सोसाचा. मशीनपर्यंत नेऊ नये."

दिवाळीला आठ दिवस राहिले तेव्हा त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. उद्घाटन. पहिलं पॅनल सरकवलं, कड्या लावल्या, कनेक्टर खोचलं, प्रत्येक तार ओढून पाहिली, आणि खटका दाबला. पडद्यावरचं विमान थेट कोपऱ्यात जाऊन थरथरायला लागलं आणि आपोआप गोळ्या सोडायला लागलं. कोणी हात लावलेला नव्हता. काकांनी बटण दाबलं तर गोळ्या थांबल्या. सोडलं की पुन्हा सुरू.

"गेम खराब आहे," काका म्हणाले.

दुसरं पॅनल लावलं. तेच. तिसरं लावलं, तेच. काका अर्धा तास गेमला नावं ठेवत होते. मग त्यांनी कपाळावर हात मारला.

चूक अशी होती, मला समजलं तेवढं सांगते. बटणाला तार जोडायच्या दोन जागा असतात. एकीवर जोडली तर दाबल्यावर करंट जातो, दुसरीवर जोडली तर करंट सतत चालू आणि दाबल्यावर तुटतो. जगातली सगळी खेळणी पहिल्या जागेवर जोडतात. काकांनी जन्मभर मोठी यंत्रं बंद करायची बटणं जोडली होती, आणि ती दुसऱ्या जागेवर असतात. कारण मधेच कुठे तार तुटली तर यंत्राला लगेच कळलं पाहिजे. त्यांच्या हातांनी तिन्ही पॅनलची सगळी बटणं सवयीनं तशीच जोडली होती, नीट, नंबर घालून, ओढून पाहून.

"तार तुटली तर ती गप नाही बसली पायजे, बोंबलली पायजे," ते म्हणाले. खुर्चीत बसले, चष्मा काढला. "तिथं तसंच राह्यते. घरात नाही राह्यत, मॅडम. घरात तुटली का नुसता आवाज बंद होते. आपुन समजतो, सगळं बरोबर चालून राहिलं."

शालूकाकी आतून म्हणाल्या, "आता समजलं ना? मंग बसा जोडत. पोरगी येऊन राहिली."

आठ दिवस त्यांनी सगळे सांधे उपटून पुन्हा जोडले. बोटांवर डाग पडले. मी मदत म्हणून नंबराच्या नळ्या हातात देत होते आणि बोलणी खात होते, नळी उलटी धरली म्हणून.

सुजाता धनत्रयोदशीला आली. उंच, शांत मुलगी, केसांत पांढऱ्या बटा. मला "काकू" म्हणून वाकली. काकांना "कसे आहात बाबा" म्हणाली आणि काकांनी तिची बॅग उचलली, हात मिळवला नाही. संध्याकाळी चहा झाल्यावर त्यांनी शोकेसवरची चादर काढली. ती हसली. खरंच हसली, मला वाटतं तिला आनंद झाला होता.

"हे तुम्ही केलं?"

"हे तुह्यावालं," काका म्हणाले आणि तिसरं पॅनल सरकवलं. मी त्यांच्याकडे बघत होते. लावलेली कडी त्यांनी काढून पुन्हा लावली. एवढ्या वर्षांची माफी त्या एका फळीत घातली होती त्या माणसानं, आणि तोंडानं फक्त एवढं म्हणाला, "सरळ हात ठेव. जसे तुले येतात तसे."

सुजातानं फळीकडे पाहिलं. तिला समजलं, त्याबद्दल मला शंका नाही. तिनं उजवा हात दांड्यावर ठेवला, डावा बटणांवर. खेळ सुरू झाला आणि तिसऱ्याच दगडाला विमान फुटलं. पुन्हा सुरू केला, पुन्हा फुटलं. डावी बोटं अडखळत होती, दोन बटणं एकदम दाबत होती.

तिनं तो हात उचलून समोर धरला, उलटा-पालटा करून पाहिला.

"बाबा, याले आता येत नाही," ती म्हणाली. रागानं नाही, साधंच.

"बटन जड असंन. स्प्रिंग बदलतो."

"बटण बरोबर आहे, बाबा. दातांचं सगळं काम मी उजव्यानंच करते ना. डाव्यानं फक्त आरसा धरते. एवढंच राहिलं त्याच्याकडे." मग म्हणाली, "ते साधं लावा ना."

काकांनी कड्या काढल्या, कनेक्टर सोडलं, साधं पॅनल लावलं. सुजाता उजव्या हातानं छान खेळली. दगडांचा पाऊस चुकवत विमान कुठल्या कुठे गेलं. काकी बघत उभ्या राहिल्या, मीही वा वा म्हणाले. काका खोलीत नव्हते. मी बाहेर आले तर ते ओट्यावर बसले होते, मांडीवर ते तिसरं पॅनल पालथं. एकेक तार ओढून बघत होते.

"सगळ्या टाइट आहेत, मॅडम," ते म्हणाले. आणि रडले. "हात मेला माह्या पोरीचा. मीच मारला."

मला त्यांचा भयंकर राग आला होता. तरी मी शेजारी जाऊन बसले.

दिवाळीचे दिवस तसेच गेले. शोकेसवर चादर पडलेली. सुजाता आईबरोबर बाजारात जाऊन यायची, काका माझ्या नळापाशी. भाऊबीज झाली. दुसऱ्या दिवशी ती दुपारच्या गाडीनं जाणार होती आणि मलाही अमरावतीला निघायचं होतं. सकाळी दहाच्या सुमारास मी काकींचा फराळाचा डबा परत द्यायला गेले. दार उघडं होतं. मी उंबऱ्यातच थांबले.

पडदे ओढलेले, खोलीत मॉनिटरचा निळसर उजेड. सुजाता शोकेसपुढे उभी होती, गाऊनवर, केस मोकळे. खाचेत तिसरं पॅनल होतं. ते तिनं स्वतः लावलं होतं, एक कडी उलटी बसलेली मला दारातून दिसत होती. डावा हात बटणांवर. विमान फुटत होतं. ती सुरू करत होती, ते पुन्हा फुटत होतं. उजवा हात राहवेना म्हणून दांडा सोडून मदतीला धावायचा, ती त्याला परत जागेवर नेऊन ठेवायची. किती वेळ चाललं होतं कोण जाणे. दंडावर घाम आला होता.

तिच्या मागे दोन पावलांवर काका उभे. हात पाठीमागे, एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलेलं. तिनं चुकीचं बटण दाबलं की त्यांचे ओठ उघडायचे आणि मिटायचे. उलट्या कडीकडे त्यांची नजर गेली, तिथून परत आली.

"सांगू नका हं, बाबा," सुजाता मागे न पाहता म्हणाली.

"मी कुठं काय बोलून राहिलो."

विमान पुन्हा फुटलं. ती हसली, आणि पुन्हा सुरू केलं. स्वयंपाकघरातून शालूकाकींनी हाक दिली, सुजे, जेवून घे वं, गाडीची वेळ होईल.

"थांब वं," काका म्हणाले. "तिचं चालू आहे."